आबांचा आवाज घेत नाही

वडूज, २१ फेब्रुवारी १९९९

प्रिय राजरत्न,

जयभीम. लॅपटॉप काल सांजच्या सांगली गाडीनं पोचला. गोधडीत गुंडाळून वर ‘अंडी आहेत’ असं लिहायची अक्कल तुझीच. कोंडीबा कंडक्टरनं तिकिटं फाडायची सोडून तासगावपासून मांडीवर घेऊन आणला म्हणे. हे पत्रही त्याच्याच हाती देतोय. पोस्टानं चार दिवस जातात, बूथवरचा फोन मिनिटाला पैसे खातो आणि माझ्याकडं दिवस मोजकेच आहेत.

आईनं तुला फोनवर सगळं सांगितलं नसणार. मावशी म्हणून तुझ्याजवळ रडली असेल आणि ठेवला असेल. आबांच्या घशातली गाठ कॅन्सरची आहे. कराडचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढल्याशिवाय इलाज नाही. बावीस मार्चला ऑपरेशन. गळ्याला भोक पाडणार, आबा त्यातून श्वास घेणार. जगतील, पण बोलणं कायमचं बंद. अठ्ठावीस वर्षं वडूजच्या स्टँडवर ज्यानं गाड्या पुकारल्या, त्या माणसाला डॉक्टर हे सांगत होता आणि आबा विचारत होते की ड्युटीवर कधी जाऊ.

आबांचं मी एक वेळ समजून घेईन. प्रियंकाचं काय करू? पोरगी तेरा वर्षांची झाली, जन्मापासून तिला दिसत नाही. तिच्यासाठी आबा म्हणजे त्यांचं बोलणं. बाकीचे मुके लोक पाटीवर लिहितात. आबांनी लिहिलं तर ती वाचणार कशी? ती विचारेल आणि आबांना उत्तर देता येणार नाही. एकाच घरात बाप आणि लेक, आणि दोघांच्यात एक शब्द जायचा नाही. हे मनात आलं की मला जेवण जात नाही, राजा.

म्हणून तर तुझ्यामागं लागलो. आबांच्या आवाजात एकेक वाक्य मशीनमध्ये भरून ठेवायचं, आणि तू लिहून दिलेल्या प्रोग्रॅमनं एकेक बटन एकेका वाक्याला जोडायचं. आबांनी बटन दाबलं की त्यांचाच आवाज निघेल, ‘प्रियंका, इकडे ये.’ टेपवर हे जमत नाही, ‘पाणी दे’ म्हणायला कोण रीळ मागं-पुढं करत बसणार?

पण मशीन आवाजच घेत नाही. पडद्याखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे, तोच माइक ना? मी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडलो. काही नाही. तुझ्या त्या लिनक्सला विंडोजसारखं चित्र नाही, बटन नाही, नुसता काळा पडदा आणि वर पांढरी अक्षरं. काय करू ते लवकर लिही. डॉक्टरांनी आबांना दिवसाला पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. जे बोलायचं ते ह्या मशीनपुढं बोलायला पाहिजे.

प्रियंकाला ऑपरेशन आहे एवढंच सांगितलंय. आवाज जाणार हे नाही. तूही फोनवर बोलू नकोस.

तुझा,
प्रशांत

सांगली, २४ फेब्रुवारी

प्रशांत,

जयभीम. पत्र वाचलं. आबांनी मला पहिल्यांदा सांगलीच्या गाडीत बसवलं तेव्हा माइकवरून ड्रायव्हरला सांगितलं होतं की खिडकीजवळचं पोरगं विट्याला उतरू देऊ नका. सगळा स्टँड हसला होता.

असो. माझा पाय जांघेपासून प्लास्टरमध्ये आहे. स्कूटर घसरली, दीड महिना खाट. नाहीतर पहिल्या गाडीनं आलो असतो. क्लासमधल्या पोरांना प्रॅक्टिकल खाटेवरूनच शिकवतोय.

आता ऐक. मशीन बिघडलेलं नाही. लिनक्समध्ये मिक्सर म्हणून एक प्रोग्रॅम असतो. पाटाच्या पाण्याला कशी दारं असतात, तशी आवाजाला. तुमच्या वडूजला पाट कुठला म्हणा, पण तासगावकडं बघितला असशील. माइकचं दार मुळात बंद असतं, ते तू उघडायचं. दोन गोष्टी करायच्या. माइकची पट्टी वर न्यायची, आणि ‘रेकॉर्ड कुठून करायचं’ ह्याची खूण माइकवर आणायची. नुसती पट्टी वर नेली आणि खूण दुसरीकडं राहिली तर फाईल तयार होते आणि आत काही नसतं. कमांडी वेगळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिल्यात. एकही टिंब, एकही मोकळी जागा इकडची तिकडं करू नकोस.

आधी स्वतःच्या आवाजावर तपास. आबांना उगीच बोलायला लावू नकोस.

राजरत्न

वडूज, १ मार्च

राजा,

झालं नाही. तुझी चिठ्ठी भिंतीला चिकटवून एकेक अक्षर बघून टाइप केलं. टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवतो मी, अक्षर चुकणार नाही. पट्टी वर नेली, खूण माइकवर आणली. मग बॅटरी संपत आली म्हणून मशीन बंद केलं. आबा जेवून उठल्यावर परत लावलं आणि त्यांना समोर बसवलं. पंधरा मिनिटं बोलले. ऐकलं तर आत शून्य. फाईल वाढते, आकडा वाढतो, आत काही नाही. प्रियंकानं कान लावला. म्हणाली, ‘दादा, आत कोणतरी श्वास धरून बसलंय.’ तिच्यापुढं मला हसावं लागलं.

त्या दिवशीची पंधरा मिनिटं गेली. ती आता परत येणार नाहीत. आबांचा आवाज दर दिवसाला बसतोय. आधी खर्ज होता, आता निम्मा वाराच निघतो. तुला तिकडं खाटेवर पडून कळत नाही इथं काय चाललंय. पुढच्या पत्रात ‘आधी तपास’ एवढंच लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

प्रशांत

सांगली, ३ मार्च

प्रशांत,

रागाव, पण माझं ऐक. पत्रातून हे सुटायचं नाही. रविवारी मशीन घेऊन पहिल्या गाडीनं ये. संध्याकाळी परत जा. मला ते हातात पाहिजे.

आणि तोवर निदान कुणाचा तरी टेप आण आणि त्याच्यावर आबांचं बोलणं घेऊन ठेव. टेपमधलं मशीनमध्ये ओतता येतं. देव न करो, पण मशीन नाहीच चाललं तर हातात काहीतरी असू दे. (देव न करो म्हणालो म्हणून आबा रागावतील. त्यांना सांगू नकोस.)

राजरत्न

वडूज, १० मार्च

राजा,

रविवारी तुझ्या खाटेवर सगळं सुरळीत चाललं, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून, नाहीतर मी आज ते मशीन येरळा नदीत टाकलं असतं. नदीलाही पाणी नाही हा भाग वेगळा.

तू शोधलंस ते बरोबरच होतं. मशीन बंद केलं की लिनक्स मिक्सरची दारं पुन्हा लावून घेतं, आणि मी एक तारखेला नेमकं बंद करूनच आबांना बसवलं होतं. तू चालू होतानाच दारं उघडायची ओळ घालून दिलीस. घरी येऊन तीन वेळा बंद-चालू केलं. दार उघडंच राहतं. आतल्या माइकमध्ये पंख्याची घरघर येते म्हणून तू क्लासमधला हातात धरायचा माइक दिलास, तोही चालतो. आबा तर तो बघून खूश झाले. म्हणाले, हातात दांडा असल्याबिगर मला बोलाय येत न्हाई.

सोमवारी आबांनी दाढी केली. ड्युटीचा खाकी शर्ट घातला. मी आधी ‘हॅलो हॅलो’ करून बघितलं. स्वच्छ आलं. मग माइक आबांच्या हातात दिला. मी पडद्यावरचा आकडा बघत राहिलो, ते यादी वाचत राहिले. ऐकलं तर शून्य.

मी लगेच माइक घेऊन बोललो. आलं. आईला बोलायला लावलं. आलं. प्रियंका बोलली, तिचं आलं. शेजारच्या नानासोंचं पोर रडत होतं, तेही आलं. परत आबांना दिलं. शून्य. मंगळवारी तेच. आज तेच. आतल्या माइकवरही घेऊन बघितलं, तर त्यांचा बसका आवाज पंख्याच्या घरघरीत कुठं गेला ते ओळखूसुद्धा येईना. राजा, हे मशीन सगळ्यांचा आवाज घेतं, आबांचा घेत नाही.

टेपही केला. नानासोंचाच आणला होता, त्याचा पट्टा सैल. आबा आधी राक्षसासारखे बोलतात आणि नंतर चिमणीसारखे. प्रियंका हसली आणि मी ते पुसून टाकलं.

आज आबांनी माइक मेजावर ठेवला आणि हळूच म्हणाले, ‘मशिनीला आदीच कळलंय रं. त्याला आता आवाज म्हनत न्हाईत.’ आई चुलीकडं तोंड करून बसली. मी बाहेर जाऊन ओसरीच्या खांबाला डोकं टेकून रडलो, आणि प्रियंकाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबला. आपल्या घरात आपल्याला रडायचीसुद्धा चोरी झालीये.

बारा दिवस उरलेत. तुझ्या ज्ञानाचा काय उपयोग आहे ते सांग.

प्रशांत

सांगली, ११ मार्च

प्रशांत,

पत्र सकाळी मिळालं, उत्तर दुपारच्या गाडीनं पाठवतोय. कोंडीबा पाच मिनिटं थांबला आहे, दीपमाला त्याला चहा देतेय, तेवढ्यात लिहितो. बायको म्हणते अक्षर तरी नीट काढ.

मशीनला कॅन्सर कळत नाही. आबांना हे माझ्या नावानं सांग. आवाज कितीही बसका असला तरी माइकला वारा लागतो आणि थोडीतरी खरखर उमटते. तू लिहितोस की शून्य. शून्य म्हणजे आवाज पोचलाच नाही, वाट बंद होती. माइक तुझ्या हातात असतो तेव्हा वाट उघडी, आबांच्या हातात गेला की बंद, आणि तुझ्याकडं आला की पुन्हा उघडी. म्हणजे दोष लिनक्समध्ये नाही.

तू पडद्याकडं बघतोस. एकदा आबांकडं बघ. माइक घेतल्यापासून खाली ठेवेपर्यंत ते काय काय करतात ते सगळं बघ. हातसुद्धा.

राजरत्न

वडूज, १४ मार्च

राजा,

सापडलं. तुझ्या पाया पडतो, प्लास्टरवाल्यासुद्धा.

काल आबांच्या समोर पाट टाकून बसलो आणि पडद्याकडं पाठ केली. आबांनी माइक उचलला, अंगठ्यानं दांड्यावरचा खटका वर सरकवला, वाचलं, खटका खाली सरकवला, माइक ठेवला. झालं.

स्टँडवरचा माइक कायम बंद ठेवायचा, पुकारायच्या वेळी उचलला की खटका सरकवायचा आणि बोलून झालं की परत सरकवायचा, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा नेम. तो का पडला तेही आईनं सांगितलं. एकदा माइक चालू राहिला होता आणि डेपो मॅनेजरच्या नाकाबद्दल आबांचं मत कातरखटावच्या गाडीतल्या माणसांनीसुद्धा ऐकलं होतं. तेव्हापासून अंगठा कधी चुकला नाही. ह्या माइकचा खटका उलटा, खाली असला की चालू, आणि मी तो चालू करूनच त्यांच्या हातात देत होतो. आबा तो सुरू करायला म्हणून बंद करत होते, आणि बोलून झाल्यावर बंद करायला म्हणून सुरू करून मला देत होते. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मी दाखवलं तर अंगठ्याकडं बघत बसले आणि म्हणाले, ‘ह्यो माझा ऱ्हायलाच न्हाई, ह्यो एस्टीचा हाय.’

खटक्यावर चिकटपट्टी मारली. काल पंधरा मिनिटं, आज पंधरा मिनिटं. एकोणचाळीस वाक्यं झाली. खरखरीत आहे, पण आबाच आहेत. मी यादी वहीत सुवाच्य लिहून दिलीये, ते चष्मा लावून एकेक वाचतात. रोज पंधरा मिनिटं धरली तरी ऑपरेशनच्या आत शंभरावर जातील. आज मी महिन्यात पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या.

तुझा,
प्रशांत

सांगली, १६ मार्च

प्रशांत,

पत्र दोनदा वाचून घेतलं आणि क्लासच्या पोरांनाही वाचून दाखवलं. अंगठ्याची गोष्ट त्यांना सगळ्या मिक्सरपेक्षा चांगली समजली.

आता एक सांगतो, ते मानायचं की नाही ते तू ठरव. प्रियंकाला आत्ताच ऐकव. आवाज जाणार आहे हेही सांग, आणि हे कशासाठी केलंय तेही सांग. आबा अजून बोलू शकतात तोवर तिला काय विचारायचं ते विचारू दे. आणि वाक्यांत काही उणं असलं तर आत्ता पुन्हा घेता येईल. बावीस तारखेनंतर दुरुस्ती नाही.

राजरत्न

वडूज, ९ एप्रिल

राजरत्न,

एकशे बारा वाक्यं झाली होती. तुझं पत्र खिशात घेऊन कराडला गेलो. तिला सांगितलं नाही. आई म्हणाली, पोरगी रडेल, आणि ती रडली तर आबा टेबलावर चढायचे नाहीत. मलाही ते सोयीचं वाटलं. जाताना आबा प्रियंकाला एवढंच म्हणाले की आठ दिसांत येतो.

पंधरा दिवस लागले. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. सहा तारखेला घरी आलो.

घरात शिरताना मी आबांना बोटानं गप खुणावलं. ते गप्पच होते म्हणा. त्यांना खाटेवर बसवलं, मांडीवर मशीन दिलं. बटनांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यांनी दवाखान्यात पाठ केल्या होत्या. प्रियंका दारातून विचारत होती, आबा आलं का, आबा आलं का. आबांनी पहिलं बटन दाबलं.

राजा, मी ते आवाज शंभरदा ऐकले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कानानं ऐकले. ‘प्रियंका. इकडे ये. प्रियंका, इकडे ये.’ एकदा सावकाश, आणि मग थांबून तेच दुसऱ्यांदा, जसं गाडी पुकारतात तसं. दुसरं बटन दाबलं. ‘जेवण झाले का? जेवण झाले का?’ माइक हातात आला की आबांच्या गळ्यात स्टँड येतो. आणि यादी मी लिहिली होती, पुस्तकी. घरात आबांनी कधी तिला ‘इकडे ये’ म्हटलंय? ‘हिकडं ये बाय’ म्हणतात ते. मी टायपिंगवाला गाढव, मी शुद्धलेखन बघत बसलो.

प्रियंका दारातच उभी राहिली. लहानपणी ती स्टँडवरचा पुकारणारा माणूस आणि आबा वेगळे समजायची, हे आम्ही सगळे विसरलो होतो. ती म्हणाली, ‘ह्या स्टँडवरच्या माणसाला घरात कशाला आणलाय? आबा कुठायत?’

आबा तिच्यापासून दोन हातांवर होते. घाबरून एकामागून एक बटनं दाबत सुटले. ‘अभ्यास कर. औषध दे. शाब्बास.’ ती किंचाळली की आबा मेलेत आणि तुमी मला सांगत न्हाई. आईनं तिला ओढत नेऊन तिचा हात आबांच्या तोंडावर ठेवला. तिनं गाल चाचपले, मिशी चाचपली, आणि मग हात खाली गेला, गळ्यावरच्या भोकावर. त्यातून वारा आला तसा तिनं हात मागं घेतला आणि परसात जाऊन बसली.

तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाही. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आबांनी बटनांवरच्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. दोघं दिवसभर एकाच खोलीत बसतात. ते बोलू शकत नाहीत आणि ती बोलत नाही.

तू लिहिलं होतंस. मी ऐकलं नाही. आता तो आवाज आणायचा कुठून? सांग ना, तुझ्या लिनक्समध्ये ह्याची कमांड आहे का?

प्रशांत

सांगली, १२ एप्रिल

प्रशांत,

नाही. ह्याची कमांड नाही.

तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. माइक चालतो का एवढंच मी महिनाभर विचारत होतो. आत काय बोलतायत हे मी एकदाही विचारलं नाही.

एकच सुचतं. आपण दोघं आबांबद्दल इतकी पत्रं लिहितोय आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांचा गळा गेलाय, हात आहे. त्यांना म्हणावं, राजानं तुमचं पत्र मागितलंय. काय वाटेल ते लिहा. आणि त्यांना तुझं शुद्धलेखन लावू नकोस.

राजरत्न

वडूज, २ मे

चिरंजीव राजरत्न,

आबाचा जयभीम. तू पत्र मागितलंस म्हनून लिवतो. पंधरा दिस कागद तसाच ऱ्हायला. एस्टीत मी लिवलं ते समदं वेळापत्रक, मनातलं लिवायची सवय न्हाई. आता शिकतोय.

तुमी दोघांनी लय केलंत. प्रशांत सोताला खातोय, त्याला तू समजाव. चूक म्हनशील तर माझी हाय. माईक हातात आला की मी बदलतो, हे मला सोताला ठावं व्हतं. पर वाटलं, चांगलं बोलावं, लेकीसाठी हाय, नीट बोलावं.

घरात लय वाईट दिस गेलं. दवाखान्यात मला मरनाची भीती वाटली न्हाई तेवढी घरात वाटली. पोरगी समोर बसलेली आनि मला तिला एक हाक मारता येईना. एकदा तिच्या डोक्यावर हात ठिवला, तर तिनं तो काढून माझ्या मांडीवर ठिवला. त्या दिशी मला वाटलं, डाक्टरनं गाठ ऱ्हाऊ दिली असती तर बरं झालं असतं. हे तुज्या मावशीला सांगू नगंस.

परवा दुपारी जेवाय बसलो व्हतो. मला पातळच चालतं अजून, तुज्या मावशीनं, भामीनं, आमटी वाडली. आमटीत मीठ न्हाई. मी वाटी वाजवली. तिला कळंना. परत वाजवली. ती म्हनाली, गरम हाय का, भाकरी कुस्करू का, पानी देऊ का. मी वाटी वाजवतोय आनि ती इचारतिया. अन् माझ्या शेजारनं मीच बोललो.

‘भामे, मीठ आनाय सातारला जायाचंय का?’

राजा, प्रशांतच्या हातातला घास खाली पडला. प्रियंका बोलली व्हती. पोरीचाच गळा, बारीक, पर बोलनं माझं. पयला शब्द खाली, मग मदी थोडं थांबायचं, मग शेवटाला नाकातनं हं. मी असं बोलतो हे मलाच ठावं नव्हतं. भामी मीठ आनायची इसरली. भिताडाला टेकून रडत बसली. पोरगी म्हनाली, ‘आबा असं बोलत्यात. त्या मशीनवानी न्हाई.’

तवापासनं घरात मी हाय. मी खोकलो की काय पायजे ते तिला कळतंय, आनि ते ती माझ्या बोलन्यात बोलती. काल नानासो आलं, त्यांचा टेप बिघडला म्हनून रडगानं गात व्हतं, मी नुस्तं बघितलं तर पोरीनं त्यास्नी माझ्या वतीनं दोन शब्द सुनावलं. मी तेच सुनावनार व्हतो. लबाडबी हाय. सकाळी माझ्या तोंडनं सोतासाठी जिलबी मागून घेतली. मी नगं म्हनून मान हालवली, पर ती बघतिया कुठं.

मशीन कोंडीबाबरूबर परत धाडतोय. आतलं माझं बोलनं पुसू नगंस. त्या स्टँडवरच्या मानसानं अठ्ठावीस वर्सं घर चालवलंय, त्याला एकदम हाकलनं बरं न्हवं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते सांगतो. काल सांजला आमी दोघंच व्हतो. ती खाटंवर माझ्याजवळ येऊन बसली. मग तिनं तिच्या सोताच्या आवाजात इचारलं, ‘आबा, तुमी मला आदी का सांगितलं न्हाई?’

मी काय करू? माझ्याकडं बटन न्हाई, गळा न्हाई. कागदावर लिवलं तर तिला दिसत न्हाई. मी तिचा हात धरला. ती थांबली. उत्तराची वाट बघत्यात तशी लय थांबली. मग माझ्या बोलन्यात तीच म्हनाली,

‘भ्यालो बाय. तू रडशील म्हनून न्हाई. मी रडीन म्हनून.’

राजा, हे मी कुनाला सांगितलं नव्हतं. भामीलाबी न्हाई.

तुजा,
आबा